आर्तध्यान आणि ओवी

सहा वर्षांपूर्वी, मे महिन्यात, माझे धाकटे दीर गेले. दापोऱ्याच्या मळ्यात केळीची गाडी भरणं चाललं होतं, तिथेच छातीत कळ आली आणि बऱ्हाणपूरला पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. माझी जाऊ तेव्हा एकेचाळीस वर्षांची. उठावण्याच्या दिवशी घर माणसांनी भरून गेलं. ती भिंतीला टेकून कोरड्या डोळ्यांनी बसून होती. येणारी प्रत्येक बाई मला बाजूला घेऊन म्हणायची, "केवढी धीराची आहे हो!" मलाही बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, त्या धीराचं थोडं श्रेय मी मनातल्या मनात स्वतःकडे घेतलं.

कारण आदल्या रात्री ती अशी नव्हती. तिचं माहेर जळगावकडच्या एका खेड्यातलं. तिकडच्या बाया गेलेल्या माणसाशी बोलत बोलत, हेल काढून रडतात. ती तशीच रडत होती. हुंदका, मग दोन शब्द सुरात, पुन्हा हुंदका. सकाळी डबा न घेता गेलात, असं काहीतरी त्यात होतं. गाडीचा पत्रा होता, उन्हाचा चटका होता. मी तिच्याजवळ बसले, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "असं सुरात रडू नये गं. हे आर्तध्यान होतं. आपलंही कर्म बांधलं जातं. नवकार म्हण." ती गप्प झाली. नळ बंद करावा तशी, एकदम.

त्यानंतर वर्षभर ती जवळजवळ बोललीच नाही. काम करायची, स्वयंपाक, मुलाचा अभ्यास, सगळं वेळच्या वेळी. विचारलं तर उत्तर द्यायची. घरात सगळे म्हणत, सावरली. मला मात्र हळूहळू वाटू लागलं की मी काहीतरी चुकीचं केलंय. काय चुकलं ते नेमकं कळत नव्हतं, कारण मी सांगितलं ते शास्त्राला धरूनच होतं.

ते शास्त्र काय म्हणतं ते आधी सांगते, म्हणजे माझी अडचण कळेल. ध्यानाचे चार प्रकार आपल्याकडे सांगितले आहेत, त्यातलं पहिलं आर्तध्यान. आवडतं ते दुरावलं, नावडतं ते वाट्याला आलं, शरीराला वेदना झाली, किंवा पुढच्या सुखाची हाव धरली, की मन त्याच एका गोष्टीभोवती फिरत राहतं. ते आर्तध्यान. ठाणांग सूत्रात त्याची चार लक्षणं दिली आहेत: मोठ्याने आक्रंदणं, शोक करणं, आसवं गाळणं आणि परिदेवन. परिदेवन म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात आपल्याविषयी दया उपजावी असा विलाप. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायातही हाच शब्द आहे. दुःख, शोक, ताप, आक्रंदन, वध आणि परिदेवन यांमुळे असातावेदनीय कर्म बांधलं जातं, म्हणजे पुढे दुःखच भोगायला लावणारं कर्म.

मी कला शाखेची पदवीधर. जळगावला शिकले, कवितांवर जीव होता. लग्नानंतर स्वाध्याय सुरू केला आणि हा परिदेवन शब्द पहिल्यांदा भेटला, तेव्हा दचकलेच होते. कारण मी ज्या कविता डोक्यावर घेऊन नाचत होते, त्यांतल्या निम्म्या या व्याख्येत बसत होत्या. माणूस आपलं दुःख सुरात मांडतो, ऐकणाऱ्याचं काळीज हलतं, आणि आपण वा म्हणतो. हे सगळं पापाचं खातं म्हणायचं का? त्या वेळी मी प्रश्न बाजूला ठेवला. घरात पोरं लहान होती, असल्या प्रश्नांना सवड नव्हती. पण बाजूला ठेवलेला प्रश्न बरोबर नको त्या रात्री हाताशी आला, आणि जावेवर वापरला गेला.

आता आमच्या गावाकडचं थोडं. दापोरा मध्य प्रदेशात. पाट्या हिंदीत, शाळा हिंदीत, घरात मराठी, शेतात खानदेशी, आणि आमच्या घरात त्यात मारवाडीची फोडणी. आमच्या मुलांना शाळेच्या पुस्तकात रहीमचे दोहे असतात. रहीम म्हणजे अब्दुर्रहीम खानखाना, अकबराच्या आणि जहांगीरच्या दरबारातला मोठा सरदार. दख्खनचा कारभार पाहत तो कितीतरी वर्षं बऱ्हाणपुरात राहिला. तर या रहीमचा सल्ला असा, की मनातलं दुःख मनातच लपवावं. लोक ऐकून हसतील, वाटून कोणी घेणार नाही. माझ्या पुतण्याला तो दोहा पाठ करायचा होता. बाप जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. तो ओट्यावर बसून घोकत होता, आत त्याची आई भाकऱ्या थापत होती, आणि मला वाटलं, काय हा योग! रहीमही तेच सांगतो, मीही तेच सांगितलं.

पण रहीमकडे नीट पाहिलं की गंमत दिसते. त्याचा मोठा मुलगा शाहनवाज खान १६१९ मध्ये गेला. त्याची कबर बऱ्हाणपूरलाच उतावळी नदीच्या काठी आहे, लोक तिला काळा ताजमहाल म्हणतात. दुसरा मुलगा दाराब पुढे राजकारणात मारला गेला. इतकं सोसलेला माणूस म्हणतो की दुःख बोलू नये, आणि म्हणतो कशात? दोह्यात! जो गावोगाव गेला, चारशे वर्षं टिकला आणि माझ्या पुतण्याच्या वहीत येऊन बसला. खरंच लपवायचं असतं तर त्याने तो दोहा तरी कशाला रचला असता? लोक हसतात हे ज्याने भोगलं आहे, तोच हे सांगू शकतो. म्हणजे सल्ला लपवण्याचा, आणि सल्ल्यातच सगळं उघडं.

याच रहीमच्या काळात, १६१५ च्या सुमारास, बऱ्हाणपूरला कुंडी भंडारा बांधला गेला. पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखाली अडवून, हलक्या उताराच्या बोगद्यातून शहराकडे आणलं आहे. वर शेतात ओळीने नुसती विहिरीसारखी तोंडं दिसतात, शंभरेक कुंड्या. वरून चालणाऱ्याला पत्ताही लागत नाही की पायाखालून पाणी वाहतंय. एका कुंडीत लिफ्टने खाली उतरता येतं. आम्ही उतरलो होतो. खाली गार, भिंतींवर चुन्याचे थर, आणि पाण्याचा बारीक आवाज. मार्गदर्शक म्हणाला की या कुंड्यांमुळे बोगद्यात हवा खेळती राहते आणि गाळ साचला तर खाली उतरून काढता येतो. जमिनीखालून पाणी न्यायचं तर मध्ये मध्ये तोंडं उघडी ठेवावी लागतात. जाऊ त्या दिवशी बरोबर होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

भक्तामर मी रोज सकाळी म्हणते. आमच्याकडे चव्वेचाळीस श्लोक, दिगंबर बंधू अठ्ठेचाळीस म्हणतात. आचार्य मानतुंगांना बेड्या घालून कोठडीत डांबलं होतं आणि स्तोत्र रचता रचता कुलुपं निखळत गेली, ही कथा सगळ्यांना ठाऊक. कथेकडे माझं लक्ष कमी असतं. माझं लक्ष सुरुवातीच्या श्लोकांकडे. इतकं थोर स्तोत्र, आणि आचार्य सुरुवात कशाने करतात? मला जमणार नाही, याने. माझी बुद्धी तोकडी आहे, पाण्यात पडलेला चंद्र धरायला धावणाऱ्या पोरासारखा मी आहे. ज्ञानी लोक मला हसतील. (इथे मला नेहमी रहीम आठवतो.) तरी बोलल्यावाचून राहवत नाही. आणि त्यातच ती हरिणी येते, पिल्लासाठी स्वतःचं बळ न मोजता सिंहापुढे उभी राहणारी.

तीस वर्षं म्हणत होते, पण त्या वर्षी एका सकाळी हरिणीवर अडखळले. ती काही सिंहापेक्षा बलवान झालेली नाही. तिचे पाय लटपटतच असणार. श्लोकात कुठेही तिला शूर म्हटलेलं नाही, फक्त एवढंच की प्रेमापोटी तिने आपलं बळ किती आहे याचा विचार केला नाही. आपण ज्याला धीर म्हणतो, भिंतीला टेकून कोरड्या डोळ्यांनी बसणं, त्याचा इथे मागमूस नाही. उलट कवी आधी आपलं सगळं तोकडेपण पुढ्यात मांडतो आणि त्यावरच उभा राहून गायला लागतो.

आणि गातो कोणासाठी? आपला देव वीतराग. तो प्रसन्न होत नाही, रागावत नाही, काही देत नाही, काही काढून घेत नाही. हे आपल्या लहान मुलांनाही पाठ असतं. वैष्णव मैत्रीण मला एकदा म्हणाली होती, "तुमचा देव ऐकत नाही तर तुम्ही स्तोत्रं कशाला म्हणता?" मी काहीतरी पुस्तकी उत्तर दिलं होतं. आज विचारलं तर म्हणेन, स्तोत्राचं बळ ऐकणाऱ्याकडून येतं हे कोणी सांगितलं? मानतुंगांना आदिनाथांनी हात दिला नाही. तरी सुरुवातीच्या श्लोकांत हतबल असलेला माणूस शेवटाकडे येईपर्यंत हत्ती, सिंह, वणवा, साप, समुद्र, रोग, बेड्या या एकेका भयाचं नाव घेऊन बोलू लागतो. मधल्या काळात त्याने एकच गोष्ट केलेली असते. गायलेलं असतं.

अशरण भावना आपण भावतो: कोणीही कोणाचं शरण नाही. आणि मांगलिक ऐकतो तेव्हा चार शरण घेतो. यात विरोध आहे असं मला लहानपणी वाटायचं. आता वाटतं की आपण अशरण आहोत हे मोकळेपणाने उच्चारता येणं, हेच त्यातलं शरण असावं. पण हे माझं मत. महासतीजींना विचारलेलं नाही, चूक असेल तर मिच्छामि दुक्कडं.

आता बहिणाबाई. जावेच्या माहेरापासून असोदा लांब नाही. बहिणाबाई १८८० मध्ये असोद्याला जन्मल्या, तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावच्या चौधरींकडे आल्या, तिशीत विधवा झाल्या. पदरात तीन लेकरं. प्लेगने थोरल्या ओंकारला अपंग करून सोडलं. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि जात्यावर ओव्या रचायच्या. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ यांनी त्यातल्या काही टिपून ठेवल्या, म्हणून उरल्या. १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या आग्रहाने 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी, पण आईच्या ओव्या लोकांपुढे आणायला त्यांना संकोच वाटत होता. खेड्यातली बोली, अडाणी बाई, लोक काय म्हणतील. पुन्हा तेच, लोक हसतील! आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

दीर गेल्यावर दुसऱ्या वर्षी, पर्युषणाच्या आधी, मी हे पुस्तक कपाटातून काढलं. जाऊ मूग निवडत बसली होती. मी सहज मोठ्याने वाचू लागले. सहज म्हणते, पण तसं सहज नव्हतं. मी विधवापणावरची गाणी मुद्दाम टाळत होते, मळणी, पेरणी, सुगरणीचं घरटं असं वाचत होते. दोन-तीन झाल्यावर ती मान वर न करता म्हणाली, "भाभी, ते असं नाही म्हणत." आणि एक शब्द तिने तिच्या बोलीत, तोंड भरून म्हणून दाखवला. वर्षभरात न विचारता बोललेलं तिचं ते पहिलं वाक्य. मग म्हणाली, "ते ज्योतिष्याचं वाचा ना. तुम्ही ते सोडून चाललात."

तिला सगळं कळत होतं. मी वाचलं.

बहिणाबाई त्या कवितेत ज्योतिष्याला दारातूनच परत पाठवतात. माझं दैव मला कळून चुकलंय, आता तू हात पाहून काय सांगणार, असा तिचा सूर. कपाळ पुसलं गेल्याचं त्या झाकत नाहीत, स्वच्छ बोलतात. दुसऱ्या एका कवितेत त्या स्वतःच्याच जिवाची समजूत घालतात आणि सांत्वनाला आलेल्या शेजारणींना बजावतात की माझ्यावर दया दाखवत बसू नका. मी वाचता वाचता थांबले. ज्या एका शब्दाने मला इतकी वर्षं छळलं होतं, त्याचं उत्तर इथे एका निरक्षर शेतकरणीने देऊन ठेवलं होतं. परिदेवन म्हणजे दया मागणारा विलाप. आणि ही बाई दुःख तर पुरतं सांगते, त्यातलं काही वगळत नाही, पण दया नको म्हणते. दुःख सांगणं आणि दया मागणं, या दोन गोष्टी मी एकच धरून चालले होते.

याचा अर्थ सगळीच रडकी गाणी पवित्र, असं मी म्हणत नाही. कॉलेजात असताना मीही कविता करायचे. संध्याकाळ, पाऊस, कोणी न येणं, सगळं होतं त्यात. दुःख मात्र नव्हतं, कारण मला कसलंच दुःख नव्हतं, चांगलं तूप-पोळीचं जेवण होतं आणि बापाचा लाड होता. त्या कविता मी वाचून दाखवायचे तेव्हा समोरच्याचे डोळे ओले झाले की नाही ते बारीक नजरेने पाहायचे. ते शंभर टक्के परिदेवन होतं. नंतर त्या वह्या रद्दीत दिल्या, त्याचं वाईट वाटत नाही. सिनेमातली कितीतरी गाणीही त्याच जातीची. ऐकताना माणूस स्वतःच्याच प्रेमात पडतो, माझ्याइतकं कोणी सोसलं नाही असं वाटायला लागतं. आर्तध्यान म्हणतात ते हेच, एकाच खुंट्याभोवती गाईसारखं फिरणं. शास्त्राने सावध केलं ते उगीच नाही.

पण ओवीला खुंटा नसतो. पहिल्या चरणात बाई रडत असते, पुढच्या चरणात तिला यमक शोधायचं असतं. यमक शोधायचं तर आजूबाजूला पाहावं लागतं: जातं, पीठ, दारातली चिमणी, आभाळ. पाहता पाहता दुःख एका जागी राहत नाही, जरा सरकतं. नाहीसं होत नाही, हे लिहून ठेवते, कारण नाहीसं होतं असं सांगणारे लोक पुष्कळ भेटतात. त्या रात्री जावेच्या हुंदक्यात डबा होता, गाडीचा पत्रा होता, ऊन होतं. ती बघत होती. मी तिचे डोळे मिटवले.

तत्त्वार्थसूत्राच्या त्याच सूत्रात पुढचा शब्द आहे, तो मी इतकी वर्षं वाचूनही वाचला नव्हता. ते दुःख-शोक वगैरे स्वतःला दिलेले असोत, दुसऱ्याला दिलेले असोत, की दोघांनाही. दुसऱ्याला! म्हणजे एखाद्याचा शोक आतल्या आत कोंडून त्याला ताप दिला, तर ते खातं कोणाच्या नावावर? जावेचं कर्म वाचवायला निघाले आणि माझंच बांधून बसले, असा हिशेब मला दिसू लागला.

मग दिगंबर आचार्य पूज्यपादांची सर्वार्थसिद्धी उघडली. त्यांनी या सूत्रावर एक शंका स्वतःच उभी केली आहे. दुःख दिल्याने पाप लागत असेल, तर केशलोच, उपवास हेही दुःखच, मग त्याचं काय? उत्तर देताना त्यांनी वैद्याचं उदाहरण घेतलंय. मुनीच्या अंगावरचा फोड करुणेने चिरणारा वैद्य दुःख देतोच, पण तेवढ्याने त्याला पाप लागत नाही, कारण मनात क्रोध नाही. हे वाचून मला माझ्यापुरती वाट सापडली. बाहेरून दिसणारं रडणं मोजायचं नाही, आत काय चाललंय ते पाहायचं. फोड चिरणं आणि जखम चिघळवणं यांत हाताची हालचाल जवळजवळ सारखीच असते. पूज्यपादांनी कवितेबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही, ही ओढाताण माझी आहे. पण ते आज असते तर रागावले नसते असं वाटतं.

आमची तापी बऱ्हाणपूरवरून खाली मुक्ताईनगरकडे जाते. तिथे मेहूणला, तापीच्या काठी, १२९७ मध्ये मुक्ताबाई अंतर्धान पावली असं वारकरी मानतात. तिचे ताटीचे अभंग सर्वांना माहीत. ज्ञानदेव लोकांच्या बोलण्याने दुखावून झोपडीची ताटी लावून बसले, आणि ही धाकटी बहीण बाहेर उभी राहून त्यांना समजावते. तिने सांगितलेलं तत्त्वज्ञान मोठं आहे, मोठमोठ्यांनी त्यावर लिहिलंय. मला इतकंच दिसतं, की तिला दार उघडून हवं होतं. मीही त्या रात्री तत्त्वज्ञानच सांगितलं होतं. फरक एवढाच, की माझ्या तत्त्वज्ञानाने उघडं दार लागलं.

जावेची माफी मी क्षमापनेच्या दिवशी मागितली. दरवर्षी मागतोच आपण, सगळ्यांची, एका दमात. त्या वर्षी मी नेमकं कशाबद्दल ते सांगून मागितली. ती म्हणाली, "तुम्ही चांगल्यासाठीच म्हणाल्या होत्या." थोडं थांबून म्हणाली, "पण मला त्यांच्याशी बोलायचं होतं अजून." यावर काय बोलणार?

मागच्या वर्षी जूनच्या वादळात आमची केळी पुन्हा आडवी झाली. खोड म्हणून जे दिसतं ते नुसते पानांचे पापुद्रे, वारा आला की झोपतं. जाऊ आता मळ्याचा हिशेब स्वतः बघते, मजुरांबरोबर बांधावर जाते. पिलबाग ठेवायची की उपटून नवी लावायची, यावर ती आणि माझे मिस्टर तासभर भांडले. तिने पिलबाग ठेवायला लावली. पैसे किती सुटतील ते देव जाणे, पण तासभर भांडली याचाच मला आनंद झाला.

यंदा फाल्गुनात आम्ही मुगाचे पापड घातले. घरात जातं आता फक्त लग्नातल्या हळदीपुरतं निघतं, गिरणी दारात आहे. त्यामुळे ओवी कशावर म्हणणार असं मी म्हणायचे. पण लाटण्यालाही ठेका असतो. मी लाट्या करून देत होते, ती लाटत होती. दुपारची वेळ, बाकी कोणी नव्हतं. ती गुणगुणायला लागली. आधी वाटलं, कुठलंतरी ऐकलेलं असेल. मग त्यात मळा आला, गाडीचा पत्रा आला, तो न नेलेला डबा आला. सहा वर्षांपूर्वी जिथे थांबवलं होतं, तिथूनच तिने उचललं होतं. आवाज रडका नव्हता. मध्येच एक शब्द जुळेना तशी ती थांबली, लाटणं तसंच हातात, छताकडे बघत. मग जुळला आणि तिला हसू आलं.

मला राहवलं नाही. सोपानदेव आठवले असतील, काय की. मी पदराला हात पुसले आणि फडताळातल्या वहीकडे वळले. ती म्हणाली, "भाभी, लिहायचं नाही. तुम्ही लाट्या द्या."

मी बसले. तिने पुढची ओवी उचलली. त्या ओवीत मी होते. चांगलं काही म्हटलेलं नव्हतं. मी लाट्या देत राहिले.